खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीसाठी शिकारी मासा निवडताना

पुण्याच्या आसपास रोपवाटिका, फुलशेती किंवा कुक्कुटपालनाच्या जोडीला शोभिवंत मासे काढणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींना शहरातील गिऱ्हाइकाचा एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. गप्पी, मोली, गोल्डफिश पाहून झाले की गिऱ्हाईक विचारते, "समुद्रातला एखादा शिकारी मासा मिळेल का? लायन फिशसारखा?" आपल्यापैकी काहींच्या घरी शिकणारी मुलेच ही मागणी करतात. शिकारी मासा दिसायला रुबाबदार असतो, माणसाला ओळखू लागतो आणि चिमट्यातून खाद्य घेतो. त्यामुळे मागणी चुकीची आहे असे नाही. परंतु अशा टाकीवर चांगला पैसा खर्च करून तीन महिन्यांत ती रिकामी करण्याची पाळी अनेकांवर येते. याचे मुख्य कारण म्हणजे मासा आधी निवडला जातो आणि टाकीचा विचार नंतर केला जातो.

टाकीचे माप आधी

घरात किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ मावेल अशी टाकी साधारणपणे ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असते. तिचे आकारमान सुमारे १९० लिटर भरते. वरची मोकळी जागा, तळाची वाळू व दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी १६० लिटरच्या आसपास राहते. यापुढील सर्व हिशोब याच टाकीचा धरला आहे. यापेक्षा लहान टाकीत शिकारी मासा ठेवू नये.

दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. ३० सेंमी वाढणाऱ्या माशाला एवढ्या रुंदीत सुखाने वळताही येत नाही. म्हणून पूर्ण वाढ झाल्यावर १५ ते १७ सेंमीच्या पुढे जाणारी जात या टाकीसाठी घेऊ नये. येथे 'पूर्ण वाढ' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुकानात दिसते ती लांबी विचारात घेऊ नये. कालवड घेताना आपण तिच्या आईची कास पाहतो, तसेच येथे मोठा मासा केवढा होतो हे पाहावे.

दुसरी गोष्ट तोंडाची. शिकारी मासा चावून तुकडे करण्यापेक्षा भक्ष्य अख्खे गिळतो. जो सोबती त्याच्या तोंडात मावेल, तो आज ना उद्या पोटात जाणार. त्याला भांडखोरपणा म्हणता येणार नाही. तो माशाचा आहार आहे.

दुकानातील पिल्लू आणि घरातील मासा

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेले, पोहताना झुलणारे ५ सेंमीचे एक पिल्लू 'पँथर ग्रूपर' या नावाने विकले जाते. पाहताक्षणी कोणीही त्याच्या प्रेमात पडावे असेच ते असते. मी स्वतः पडलो होतो. हा मासा म्हणजे कोकणात ज्याला हेकरू किंवा गोबरा म्हणतात त्याचाच भाऊबंद, आणि तो ७० सेंमीपर्यंत वाढतो. माझ्याकडच्या पिल्लाने पहिल्या काही महिन्यांतच टाकीतील दोन निळे डॅमसेल मासे गिळले आणि पुढे ते मोठ्या टाकीवाल्याला फुकट देऊन टाकावे लागले. विकणाऱ्याने वाढीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मीही विचारला नव्हता.

तीच गोष्ट 'रेड एम्परर' या नावाच्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिल्लाची. ती तांबोशीच्या कुळातील जात असून मीटरभर वाढू शकते. ट्रिगर फिश २५ ते ५० सेंमी होतात आणि दातांनी नळ्या व हीटरची वायर कुरतडतात. स्नोफ्लेक ईल ही वाम शांत असते, पण ती ६० सेंमीच्या पुढे जाते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडून सकाळी फरशीवर वाळलेली सापडते. नेहमीचा मोठा लायन फिश ३० सेंमी ओलांडतो व त्याच्या पसरलेल्या परांसह त्याला मोठी जागा लागते. हे सर्व मासे लहान टाकीसाठी वर्ज्य समजावेत.

जिताड्याबद्दलही विचारणा होते, कारण तो खाऱ्या, निमखाऱ्या व गोड्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण भागातील शेतकरी घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवत आले आहेत. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली त्याची बंदिस्त पैदास करून दाखविली, त्यामुळे बीजासाठी केवळ खाडीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. परंतु जिताडा हा तळ्याचा मासा आहे. त्याची भावंडे एकमेकांना खातात म्हणून तळ्यातही आकारानुसार प्रतवारी करावी लागते. काचेच्या टाकीत तो ठेवू नये.

मग कोणता मासा घ्यावा?

प्रथमच टाकी करणाऱ्याने हॉक फिश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ससाणा जसा उंच जागी बसून खाली टेहळणी करतो, तसा हा मासा दगडाच्या टोकावर बसून राहतो आणि भक्ष्य दिसताच झेप घेतो. त्याला हवेची पिशवी नसल्यामुळे तो सतत पोहत नाही. साहजिकच त्याला जागा कमी पुरते. लालभडक 'फ्लेम हॉक' सुमारे ९ सेंमी होतो, ठिपक्यांचे लहान हॉक १० सेंमीच्या आसपास, तर चौकटीच्या नक्षीचा 'लॉन्गनोज हॉक' १३ सेंमीपर्यंत जातो. शिकारी माशाचा सर्व रुबाब यात आहे. तो डोळे फिरवून माणसाकडे पाहतो, हातातील चिमटा ओळखतो. त्याच्यासोबत क्लाउन माशांची जोडी राहू शकते. शोभेच्या लहान कोळंब्या मात्र तो खातो. एका टाकीत एकच हॉक ठेवावा. हा मासा उडी मारतो, म्हणून जाळीचे झाकण आवश्यक आहे.

ज्यांना लायन फिशच हवा असेल त्यांनी 'फझी ड्वार्फ' ही बुटकी जात घ्यावी. ती १५ ते १७ सेंमीवर थांबते. 'झेब्रा ड्वार्फ' ही जात त्याहून किंचित मोठी होते. हा मासा दिवसा दगडाच्या सावलीत लटकून राहतो आणि संध्याकाळी हिंडतो. त्याला टाकीत एकट्यानेच ठेवणे उत्तम. मात्र टाकी एक वर्ष नीट सांभाळल्याशिवाय तो आणू नये, आणि घरात टाकीत हात घालणारी लहान मुले असतील तर मुळीच आणू नये.

फ्रॉग फिश हा बेडकासारखा बसकट मासा हौशी मंडळींना आवडतो. पुढे गळ लावून बसणारा हा शिकारी स्वतःएवढा मासाही गिळतो. तो ठेवायचा तर टाकीत दुसरे काहीच ठेवता येत नाही. जांभळा ऑर्किड डॉटीबॅक अवघा ६ सेंमीचा, पण वागण्यात वाघ. त्याची बंदिस्त पैदास होते ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

मासा निवडताना दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य घालण्यास सांगावे. जो मासा मेलेली कोळंबी खातो तोच घ्यावा. केवळ जिवंत मासे खाणारा नमुना कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा. अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके, धापा टाकणे, खोल गेलेले पोट ही लक्षणे दिसल्यास त्या टाकीतील कोणताच मासा घेऊ नये.

लायन फिशचा दंश

लायन फिशच्या पाठीवरील व पोटाखालील काट्यांत विष असते. बुटक्या जातीही याला अपवाद नाहीत. काटा लागल्यास असह्य वेदना होतात व सूज येते. या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. म्हणून दंश झालेला भाग सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने घ्यावा, नाहीतर भाजण्याची भीती असते. त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच. श्वास लागणे, चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. टाकी साफ करताना माशाला आधी प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यावे. काटे जाळीत अडकतात, म्हणून जाळी वापरू नये.

पुण्यात समुद्राचे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम व क्लोराइड यांचा वाटा सर्वाधिक असला तरी मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम आणि सल्फेट २.७ ग्रॅम असते. त्यामुळे मिठागराचे खडे मीठ पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. मत्स्यटाकीसाठी मिळणारे तयार सागरी मीठच वापरावे. आपल्या टाकीला सुरुवातीस साडेपाच ते सहा किलो मीठ लागेल. हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ ठेवावे.

पुणे महापालिकेचे खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी क्षारांच्या दृष्टीने बरे, पण त्यात क्लोरीन असतो. ते उघड्या पिंपात हवा सोडून एक दिवस ठेवावे. बोअरचे पाणी वापरायचे असल्यास ते माती व पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. भरपूर खत दिल्या जाणाऱ्या शेतातील विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असू शकते.

आता सर्वात सामान्य चूक. उन्हाळ्यात टाकीतील पाणी उडून जाते. पाणी उडते, मीठ उडत नाही. कमी झालेले पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरावे. माझ्या पहिल्या टाकीत मी आठवड्याला दहा लिटर खारे पाणी भरत गेलो. म्हणजे दर आठवड्याला ३५० ग्रॅम मीठ वाढत होते. चार आठवड्यांत क्षारांचे प्रमाण लिटरला ३५ वरून ४४ ग्रॅमच्या जवळ पोचले आणि मासे का मरतात हे मला कळेना. क्षारपड जमिनीवर व्याख्याने देणाऱ्या माणसाची ही गोष्ट!

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश असावे. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीत ते सहज ३२ च्या वर जाते. पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास दोन-तीन अंशांनी उतरते. थंडीत हीटर लागतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने तो आणखी थोडा कमी. वीज गेली तर काही तासांत मासे गुदमरू लागतात, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवावा.

खत कुजल्याशिवाय पीक नाही

शिकारी माशाला प्रथिनयुक्त खाद्य लागते आणि तेथेच लहान टाकीची खरी परीक्षा असते. १० ग्रॅम कोळंबीत सुमारे २ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ०.३ ग्रॅम नत्र असते. त्यातील दोन तृतीयांश नत्र माशाने अमोनियाच्या रूपात टाकले असे धरले, तर १६० लिटर पाण्यात लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम अमोनिया-नत्र मिसळते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

जमिनीत युरिया दिल्यावर नायट्रोसोमोनास व त्यांच्या जोडीचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे आपणास ठाऊक आहे. टाकीतही हेच काम त्याच प्रकारचे जिवाणू फिल्टर, वाळू व दगडांच्या सच्छिद्र पृष्ठभागावर राहून करतात. त्यांची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवीन टाकीत खारे पाणी भरून फिल्टर चालू करावा, कोळंबीचा एक तुकडा टाकून तो कुजू द्यावा आणि तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करावी. तोपर्यंत एकही मासा सोडू नये. कच्चे शेणखत रोपाच्या मुळाशी घातल्यावर जे होते, तेच घाईने सोडलेल्या माशाचे होते.

तळाला कोंबडीखाद्यात वापरतात तो शिंपल्यांचा भरडा स्वच्छ धुऊन घातला तरी चालतो. सामू घसरू लागला की तो थोडाथोडा विरघळून आधार देतो. दर आठवड्याला ३० लिटर पाणी बदलावे.

खाद्य

जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश खाऊ घालण्याचा मोह आपणास होईल, कारण ते आपल्याकडेच तयार होतात. तो टाळावा. गोल्डफिशमध्ये जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे विकर असते, आणि गोड्या पाण्यातील माशांची चरबी सागरी माशाला मानवत नाही. अशा खाद्यावर लायन फिश वरवर धष्टपुष्ट दिसतो आणि अचानक मरतो. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून ताजी कोळंबी, थोडे माकूळ व पांढऱ्या मांसाचा सागरी मासा आणावा. तो मीठ न लावता, माशाच्या डोळ्याएवढे तुकडे करून बर्फात गोठवून ठेवावा. आलटून पालटून द्यावे. हॉक फिशला रोज थोडे, तर ड्वार्फ लायनला आठवड्यातून तीन वेळा पुरते. पाच मिनिटांत न खाल्लेले खाद्य काढून टाकावे. सुकट घालू नये.

औषधांपासून जपा

ही सूचना शहरी हौशी माणसाला सहसा लागत नाही, आपणास लागते. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा पिंप मीठ कालवण्यास कधीही घेऊ नये. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. बोर्डो मिश्रणातील तांबे कोळंबी-खेकड्यांना मारते. फवारणी करून आल्यावर त्याच हाताने टाकीत काम करू नये. डासांची वडी किंवा मशीन लावलेल्या खोलीतील हवा एअर पंप ओढून पाण्यात सोडतो, हेही लक्षात ठेवावे.

कायदा आणि माशाचे मूळ

सागरी शोभिवंत माशांपैकी बहुतेक आजही प्रवाळ भागातून पकडून आणलेले असतात. आग्नेय आशियात काही ठिकाणी ते सायनाइडने गुंगवून पकडले जात आले आहेत. असा मासा दुकानात ठीक दिसतो व घरी मरतो. शक्य तेथे बंदिस्त पैदाशीचा मासा मागावा. क्लाउन माशांची पैदास आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केली आहे. समुद्री घोडे, प्रवाळ आणि महाकाय हेकरू यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यातील परिशिष्ट १ चे संरक्षण मिळाले. ते विकणे वा बाळगणे गुन्हा आहे. शोभेसाठी प्रवाळाचा तुकडाही घेऊ नये, आपला काळा सच्छिद्र दगड पुरेसा आहे.

नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा. लायन फिश आपल्या हिंदी व प्रशांत महासागरांचा रहिवासी. १९८५ पासून तो अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर दिसू लागला आणि आज कॅरिबियन समुद्रभर पसरून तेथील मासळी फस्त करीत आहे. टाकीतून सोडलेले मासे हेच त्याचे मूळ मानले जाते. आपल्या उजनीत टिलापियाने काय केले हे भिगवणच्या मच्छीमारांना विचारावे.

सांडपाण्याची विल्हेवाट

दर आठवड्याला बदललेल्या ३० लिटर पाण्यात सुमारे एक किलो मीठ असते. वर्षाला ते पन्नास किलोच्या पोत्याहून अधिक भरते. ओलिताच्या पाण्याची विद्युत वाहकता सव्वादोन डेसिसायमनच्या पुढे गेली की आपण ते अतिक्षारयुक्त मानतो. टाकीतील पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. नीरा डाव्या कालव्याखालील क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगणे नको. माशांच्या टाकीचे पाणी झाडांना चांगले, हा आपला गोड्या पाण्याचा अनुभव येथे लागू पडत नाही. हे पाणी कुंडीत, परसात, शेततळ्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यावर टाकू नये. शहरात ते भरपूर साध्या पाण्यासोबत मोरीत सोडावे. गावाकडे ड्रेनेज नसेल, तर घराच्या गच्चीवर पसरट ट्रेमध्ये उन्हात आटवून उरलेले मीठ कचऱ्यात द्यावे. ते मीठ जनावरांच्या गव्हाणीत घालू नये.